पाडव्याचा मुहूर्त आणि वीस बाय तीसचे घर

मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते. जुन्या मालकाकडचा हिशेब मिटतो, नव्या मालकाच्या आखाड्यावर बिऱ्हाड हलते. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातल्या तांड्या-वाड्यांवरून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे याच सुमारास परतू लागतात. ज्यांच्या गाठीला चार पैसे जमले आहेत, ती माणसे साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून याच दिवशी प्लॉटवर कुदळ मारतात. गुढी दाराशी उभी करायची असते, आणि ते दार स्वतःचे असावे ही इच्छा या दिवशी जितकी टोचते तितकी एरवी वर्षभरात टोचत नसेल.

यंदाच्या पाडव्याला आणखी एक निमित्त आहे. प्रशासकांच्या प्रदीर्घ कारभारानंतर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या आणि २१ डिसेंबरला निकाल लागले. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहांचा हा पहिलाच पाडवा. प्रचारात रस्ते, नळ, पथदिवे, नाल्या यांची चर्चा भरपूर झाली. घर बांधायला निघालेल्या माणसाला परवाना किती दिवसांत आणि किती खर्चात मिळावा, हा विषय मात्र भाषणांत क्वचितच येतो. आमच्या मते जिंतूरच्या पुढच्या वीस वर्षांचा तोच सर्वांत मोठा विषय आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जिंतूरला परवडणारी घरे मिळायची असतील, तर ती गावाच्या हद्दीत, लहान प्लॉटवर, एका मजल्यावर दुसरा मजला चढवून मिळतील. त्यासाठी आधी लहान घराला कायद्यात जागा दिली पाहिजे. आणि जो माणूस नियमाने बांधतो, त्याच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे.

शहरातल्या कोणत्याही नव्या वस्तीत मान वर करून पाहा. स्लॅब पडलेला असतो, बाहेरून गिलावा झालेला नसतो, आणि कॉलमच्या सळया छताच्या वर दोन-अडीच हात तशाच उभ्या सोडलेल्या असतात. बाहेरच्या अंगाने जिन्यापुरती जागाही मोकळी ठेवलेली असते. त्या कुटुंबाने पुढच्या मजल्याचा बेत आधीच केलेला आहे: धाकट्याचे लग्न झाले की त्याला वर दोन खोल्या, नाहीतर किरायाने द्यायला एक खोली आणि मोरी. ज्ञानोपासक महाविद्यालयात शिकायला खेड्यांतून येणारी मुले, बदलीवर आलेले शिक्षक, एसटी आगारातले चालक-वाहक, बाजारपेठेतल्या दुकानांवर काम करणारी पोरे या सगळ्यांना अशीच खोली लागते. नगररचनेच्या पुस्तकात ज्याला घनता म्हणतात, ती जिंतूरच्या गवंड्याने आणि घरमालकाने स्वतःच्या गरजेतून केव्हाच ओळखली आहे.

त्यामागे पैशाचा पक्का हिशेब आहे. काळ्या मातीत घर उभे करणे महाग पडते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया कठीण थरापर्यंत न्यावा लागतो, मुरूम भरून दाबावा लागतो. जोत्याच्या वर भिंत चढण्याआधीच साठवलेल्या पैशांचा मोठा लचका तुटलेला असतो. त्याच पायावर दुसरा मजला घेतला तर तो खर्च दोन घरांत वाटला जातो. गरिबाला परवडणारा चौरस फूट हा बहुधा वरच्या मजल्यावरचा असतो.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता साऱ्या राज्यासाठी एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्या नावातच ‘प्रोत्साहन’ आहे, आणि मोठ्या शहरांतल्या रुंद रस्त्यांवरच्या इमारतींना ते चांगले मिळालेही. विरळ वस्तीच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१० आहे. रस्ता ९ मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचे बांधकामाचे हक्क, विकत घेऊन तो वाढतो. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर ही वाढ मिळत नाही. तालुक्याच्या गावातल्या गरीब वस्तीत ९ मीटरचा रस्ता शोधावा लागतो.

वीस बाय तीसचा प्लॉट घ्या, म्हणजे ६०० चौरस फूट. १.१० ने त्यावर ६६० चौरस फूट बांधता येते. खाली ४५० फुटांचे घर झाले तर वरच्या मजल्यासाठी जेमतेम २१० फूट उरतात. त्यापुढे पूरक एफएसआय आहे, निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत, पण त्यालाही अधिमूल्य आहे. पुण्यातला बिल्डर ते फ्लॅटच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. हातगाडीवाल्याला ते सिमेंटच्या पोत्यांतून कापावे लागते. मग तो काय करतो? अर्ज करत नाही. वरची खोली तशीच बांधतो आणि पुढे आयुष्यभर नोटिशीच्या भीतीत राहतो. त्या खोलीवर बँक कर्ज देत नाही, आणि नगर परिषदेलाही तिचा पुरा कर मिळत नाही.

न्यायाने सांगायचे तर याच नियमावलीत एक फार चांगली तरतूद आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचे असेल तर तांत्रिक माणसाच्या सहीचा नकाशा आणि शुल्काची पावती जोडून कळवायचे, वेगळ्या मंजुरीची वाट पाहायची नाही. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला १० दिवसांत परवाना. जिंतूरमधली बहुसंख्य घरे या दोन मापांतच बसावीत. मग अडते कुठे? ही सवलत कागद स्वच्छ असलेल्या प्लॉटला आहे, म्हणजे गावठाणातल्या किंवा मंजूर ले-आउटमधल्या. आणि गरीब माणूस जो प्लॉट विकत घेऊ शकतो, तो नेमका मंजूर ले-आउटमधला नसतो.

हीच खरी गाठ आहे. रस्त्यालगतची एक-दोन एकर शेती कुणीतरी घेतो, चुन्याच्या रेघा मारतो आणि गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याने विकतो. घेणाऱ्याकडे सातबारा नसतो. हातात असतो तो बॉण्ड, त्यावर नोटरीचा शिक्का आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. पुढे घरपट्टी सुरू होते, नमुना ४३ वर नाव लागते, मीटर बसते, आणि आपले घर झाले असे त्याला वाटू लागते. जमीन मात्र कागदावर अजून जुन्या शेतकऱ्याच्याच नावावर असते. तो शेतकरी वारला की त्याचे वारस येतात, आणि मग तंटा उभा राहतो.

कायद्याने हे होऊ दिले कसे, आणि अडवले कसे, हा इतिहास मोठा आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे इतके लहान तुकडे पडू नयेत की कसणाऱ्याला परवडणार नाही, यासाठी आला. हेतू रास्तच होता. पण शहर शेतात शिरले तेव्हा तोच कायदा घराच्या प्लॉटलाही लागू होत राहिला. आजही जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, आणि माणसाला घरासाठी लागतो एक गुंठा. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढवली गेली. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने मंजूर ले-आउट नसलेल्या लहान तुकड्यांचे दस्त थांबवले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करण्याचे शुल्क बाजारभावाच्या २५ टक्के होते, ते २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आले. अखेर नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले शहरी हद्दीतले असे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट मोकळी झाली.

या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. जिंतूरमधल्या घराघरांत त्याचा उपयोग होऊ शकतो. पण बॉण्डवर खरेदी केलेल्यांना मुद्रांक शुल्क भरून आधी दस्त नोंदवावा लागेल, सातबाऱ्यावर नाव लावून घ्यावे लागेल, मोजणी करून घ्यावी लागेल. तलाठी, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख आणि नगर परिषद अशी चार दारे आहेत. रोजंदारीवरच्या बाईला एका दारात एक दिवस गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शुल्क माफ झाले तरी हेलपाट्यांचा खर्च तिच्याच अंगावर पडतो.

आणि याच चार दारांशी घरकुल अडकलेले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग जून २०१५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, देशभरातल्या एक कोटी शहरी कुटुंबांसाठी. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळतात, कामाच्या टप्प्याप्रमाणे, फोटो आणि जिओ टॅग झाल्यावर. अट साधी दिसते: जागा स्वतःच्या नावावर हवी. ज्याला अडीच लाखांची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचीच जागा नावावर नसते. राज्याने २०१८ मध्ये सरकारी जमिनीवरची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण याच अडचणीसाठी आणले. ते आणि नवा अध्यादेश यांची सांगड घालून नगर परिषदेने वस्तीवार यादी केली, तर कितीतरी घरकुलांचे अडलेले अर्ज हलतील.

इथे कुणी म्हणेल की नियमित करत बसलो तर उद्या पुन्हा बेकायदा प्लॉटिंग होणारच. होणारच, जोवर कायदेशीर लहान प्लॉट बाजारात मिळत नाही तोवर. तुकडे पाडणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते कारण मंजूर ले-आउटमधला सर्वांत लहान प्लॉटही मजुराच्या आवाक्याबाहेर असतो. नियमावलीत दुर्बल घटकांसाठी रांगेतल्या घरांचे फार लहान प्लॉट मान्य आहेत, बाजूला अंतर न सोडता, भिंतीला भिंत लावून. ले-आउटवाला ते पाडत नाही, कारण त्याला त्यात फायदा दिसत नाही. प्लॉट लहान पाडा की मोठे, १० टक्के मोकळी जागा आणि आतले रस्ते सोडावेच लागतात. मग मोठे प्लॉट पाडून लवकर विकणे त्याला सोयीचे. प्रोत्साहन द्यायचे तर ते इथे द्यावे. जो मालक ले-आउटमधले ठरावीक प्लॉट वीस बाय तीसच्या मापाचे ठेवील, त्याचे प्रकरण आधी हाती घ्या आणि त्याचे विकास शुल्क कमी करण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवा. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के घरे वा प्लॉट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम आहे. तो दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या पुढे असलेल्या जिंतूरला तो लागू नाही. सक्ती नसली तरी सवलतीने तेच साधता येते.

पसरत जाण्याची किंमत काय असते, हे मराठवाड्याला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली; भूमिहीनाच्या वाट्याला २५० चौरस फुटांचे आले. घरे मजबूत होती, त्या भरवशावर हजारो माणसे निर्धास्त झोपू लागली, हे विसरता येणार नाही. पण जुन्या गावाच्या कितीतरी पट जागेवर सरळ आखलेल्या रुंद रस्त्यांची गावे आली. नळ, वीज, रस्ता, नाली सगळेच लांबले, आणि ते सांभाळायचे त्याच ग्रामपंचायतीने, त्याच वसुलीत. म्हाताऱ्यांना शेजार दूर गेल्याची खंत राहिली. जिंतूरने उद्या माळावर वस्त्या पसरवल्या तर तोच खर्च इथल्या नगर परिषदेवर येईल. पूर्णेवर येलदरीचे धरण तालुक्यातच आहे, त्याचे पाणी परभणी शहरालाही पुरवले जाते. पण धरण जवळ असले म्हणून घराघरात नळ पोहोचत नाही. पाइप जितका लांब, तितकी गळती जास्त आणि नळाला पाणी येण्याचा दिवस तितका पुढे.

घनता म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लिफ्ट बंद पडलेले टॉवर येतात. त्यांनी नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज पाहावी. सिडकोसाठी वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ती उभी केली. साधारण ६ हेक्टरांत ५५० च्या आसपास कुटुंबे, ४५ ते ७५ चौरस मीटरचे प्लॉट, सात-सात घरांचे एकेक अंगण. प्रत्येक घराची भिंत वेगळी, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने वाढवावे. लोकांनी खरोखरच वाढवले, इतके की आज मूळची घरे शोधावी लागतात. कोरियांनी गरिबाच्या घराचा आरंभ बांधला आणि पुढचे त्याच्यावर सोपवले. जिंतूरच्या छतांवरच्या सळया तेच मागत आहेत.

दुसरे उदाहरण सोलापूरजवळ कुंभारीचे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा असंघटित क्षेत्रातल्या कामगारांसाठी रे नगर उभे राहिले, ३०,००० घरांचे. त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. कामगार संघटित असले की सरकारी योजना कुठवर नेता येते, हे त्यांनी देशाला दाखवले. जिंतूरला एवढे मोठे काही नको. बसस्थानकापासून पायी जाता येईल अशा नगर परिषदेच्या एखाद्या जागेवर तळमजला आणि वर दोन मजले, तीस-चाळीस खोल्या, वाजवी किरायाच्या. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे, त्यातून हे बसवता येईल. आखाडा सोडून पोरांच्या शाळेसाठी गावात आलेल्या सालगड्याला आज घर विकत घेणे शक्य नाही. त्याला खोली हवी आहे.

बाहेरच्या जगातही हेच घडताना दिसते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरे बांधू दिली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या बांधकाम परवान्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने १९९८ मध्ये मध्यवर्ती भागातल्या प्लॉटचे किमान माप ५,००० चौरस फुटांवरून १,४०० पर्यंत खाली आणले आणि एकेका जुन्या घराच्या जागी तीन-तीन घरे उभी राहिली. १,४०० चौरस फूट म्हणजे आपला साधारण सव्वा गुंठा.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. गल्ल्या अरुंद आहेत, अग्निशमनाची गाडी शिरत नाही. नाल्या आजच तुंबतात, माणसे दुप्पट झाली तर काय? आमचे उत्तर असे की वरचा मजला आजही चढतोच आहे, विनानकाशा, विनाइंजिनिअर. लहान प्लॉटला अधिमूल्यात सवलत दिली तर तो कागदावर येईल, सळईचा व्यास कुणीतरी तपासेल, जिना पुरेसा रुंद होईल, आणि करात वाढ होऊन नालीला पैसा मिळेल. मात्र एक अट ठाम हवी. अधिमूल्य माफीचा फायदा राहणाऱ्या कुटुंबाला मिळाला पाहिजे. जालना–नांदेड समृद्धी जोडमार्ग परभणी जिल्ह्यातून जातो आहे. जमिनीच्या दलालांचे डोळे या भागाकडे लागलेले आहेत. पाच-पाच प्लॉट एका नावावर घेऊन सवलत उपटणाऱ्याला दार बंद हवे.

एफएसआय वाढवणे नगर परिषदेच्या हातात नाही. नियमावलीतला बदल शासन करते. पण ठराव करणे तिच्या हातात आहे. एक गुंठ्यापर्यंतच्या प्लॉटवर पूरक एफएसआयचे अधिमूल्य माफ करावे आणि अशा प्लॉटला ९ मीटर रस्त्याच्या अटीतून सूट द्यावी, असा ठराव पहिल्या काही सभांत करून मंत्रालयात पाठवावा. परभणी जिल्ह्यातल्या इतर नगर परिषदांनीही तो केला तर त्याला वजन येईल. विकास आराखड्याची सुधारणा होईल तेव्हा हरकती-सूचनांची नोटीस वृत्तपत्रात छापून थांबू नये, वस्तीवस्तीत नकाशा लावून समजावून सांगावी. आणि मंजुरीची वाट न पाहता करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे शिबिरे. एप्रिल आणि मे महिन्यांत आठवड्यातून एक दिवस तलाठी, मोजणीदार, दुय्यम निबंधक कार्यालयाचा माणूस, नगर परिषदेचा अभियंता आणि आवास योजनेचा कक्ष एकाच मांडवाखाली बसवावा. दोन-चार प्रमाणित नकाशे नगर परिषदेने स्वतः काढून फुकट द्यावेत: वीस बाय तीस, वीस बाय पन्नास, तीस बाय चाळीस, प्रत्येकात वरचा मजला आधीच धरलेला. मग इंजिनिअरची फीही वाचेल.

हे सगळे उन्हाळ्यातच व्हायला हवे. मृगाच्या आत जोते वर आले नाही, तर काळ्या मातीतला पायाचा खड्डा पाण्याने भरतो, मुरूम वाहून जातो आणि काम दिवाळीवर ढकलले जाते. तोवरचा किराया त्याच कुटुंबाला भरावा लागतो.